मनगटापर्यंत न पोचणारे ठोके

मे महिना लागला की धुळ्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रिक्षावाले लिंबाखाली रिक्षा लावून आडवे होतात, दुकानदार अर्धं शटर ओढून घेतात, आणि आमच्या नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुली सुट्टीला घरी निघतात. कुणी शिरपूरकडे, कुणी साक्रीच्या पलीकडे, कुणी पार सावद्याला. बॅगा भरून झाल्या की एखादी तरी माझ्या टेबलाजवळ येऊन चुळबुळ करते. "मॅडम, स्टेथोस्कोप घरी नेला तर चालेल?" स्वतःचाच असतो तिचा, तरी विचारते. घरी आईला, आजीला, शेजारणींना लावून दाखवायचा असतो. मी "ने की" म्हणते. ती उड्या मारत जाते आणि मला काळजी लागते.

बाकीच्या शिक्षिका मला हसतात. म्हणतात, तुमचं काहीतरीच, पोरी सुट्टीला चालल्यात, लढाईला नाही. त्यांचंही बरोबर आहे. मी मुळातच भित्री. पण नळी गळ्यात घालून घरी गेलेल्या पोरीचं काय होतं ते मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षाला आम्ही मुलींना फक्त ओळखायला शिकवतो. ताप कसा बघायचा, नाडी कशी मोजायची, श्वास कुठे अडतो, सूज कुठे दाबून बघायची. बरं कसं करायचं ते पुढच्या वर्षांत येतं, आणि तेही सगळं येत नाहीच. म्हणजे डोळे उघडतात आणि हात रिकामेच असतात. अशा डोळ्यांनी आपल्या माणसांकडे बघणं फार वाईट.

माझ्या पहिल्या वर्षीचा उन्हाळाही असाच होता. महिला वॉर्डच्या खिडक्यांना ओली पोती लावलेली असायची. त्या पोत्यांचा कुबट वास, स्पिरिटचा वास, आणि दुपारच्या डब्यातल्या ठेच्याचा वास, असं सगळं एकत्र नाकात बसलेलं आहे. मला त्या वेळी कशाची भीती वाटत नव्हती ते विचारा. सलाइनच्या बाटलीतल्या बुडबुड्याची वाटायची. झोपलेला पेशंट फारच शांत झोपलाय याची वाटायची. चादरीचे कोपरे नीट दुमडले नाहीत म्हणून ओरडा बसेल याची तर सगळ्यात जास्त. आमच्या ट्यूटर मॅडम सांगायच्या, "हात थरथरला तरी चालेल गं, चेहरा थरथरता कामा नये." माझं नेमकं उलटं व्हायचं. हात लाकडासारखे ताठ आणि चेहरा रडवेला. एकदा एका म्हातारीनंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "भिऊ नको माय, मी काही चावत नही."

होस्टेलवर तर रोगांची जत्राच भरायची. लिव्हरचा धडा झाला की सगळ्या जणी आरशात डोळ्यांचा पिवळेपणा शोधायच्या. क्षयाचा धडा झाला की खोकला यायला लागायचा. आमच्या खोलीतल्या एकीला एका आठवड्यात तीन असाध्य रोग झाले, आणि रविवारी मेसमध्ये शेवभाजी झाली तेव्हा तिन्ही बरे झाले. आता हसू येतं. तेव्हा आम्ही दिवा मालवून पडल्या पडल्या आपापलं मनगट धरून बसायचो.

नाडी शिकवताना मॅडमनी एक गोष्ट बजावली होती. नाडी तीन बोटांनी धरायची, अंगठ्यानं कधीच नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. "अंगठ्यानं धराल तर पेशंट गेलेला असला तरी तुम्हाला तो जिवंत वाटेल." हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, स्वयंपाकात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. आम्ही वहीत लिहून घेतलं.

त्याच वॉर्डात सातपुड्याच्या पायथ्याकडची एक बाई होती. माझ्या मायच्या वयाची, सावळी, हसरी. ती कधी आडवी झोपायची नाही. पाठीला उशा लावून बसल्या बसल्याच डुलक्या घ्यायची. आडवं झालं की दम लागतो म्हणायची. मॅडमनी आम्हा दोघींना तिच्यापाशी उभं केलं. माझ्या जोडीदारणीनं छातीवर स्टेथोस्कोप लावायचा, मी मनगट धरायचं, एकाच घड्याळावर एकाच वेळी मोजायला सुरुवात करायची आणि एकाच वेळी थांबायचं. थांबलो. दोघींचे आकडे जुळेनात. तिचा जास्त, माझा कमी. मी लगेच म्हटलं, "मॅडम, माझं चुकलं." मॅडम म्हणाल्या, "कुणाचंच चुकलं नाही. तिच्या हृदयाची झडप अरुंद झालीय. ते वेडंवाकडं धडकतं. काही ठोक्यांत जोरच नसतो, ते मनगटापर्यंत पोचत नाहीत." लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन जातो, पोर बरं होतं, सगळे विसरतात, आणि तो ताप आत झडप खाऊन गेलेला असतो, हेही त्यांनी सांगितलं. बाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत हसत होती.

चार-आठ दिवसांनी आम्ही वॉर्डात गेलो तर तिच्या कॉटवर नवी चादर होती. कोपरे अगदी घट्ट दुमडलेले. ती कुठे गेली ते आम्ही कुणी कुणाला विचारलं नाही, आणि मला आजही ते ठाऊक नाही.

मग सुट्टी लागली आणि मी अमळनेरकडच्या आमच्या गावी आले.

आमच्याकडे तो बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, हंगाम. ज्वारी भिजवून, वाळवून, दळून आणायची, पहाटे मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची घातलेल्या पाण्यात त्या पिठाचा घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर पातळ थापायचा. ऊन चढायच्या आत धाबं, म्हणजे घराचं सपाट छत, पांढऱ्या चकत्यांनी भरून गेलं पाहिजे. हे एकटीदुकटीचं काम नव्हे. गल्लीतल्या बाया पाळी लावतात. आज आमच्याकडे, उद्या तुमच्याकडे. जिनं दुसऱ्यांना आपल्या धाब्यावर राबवलं, तिनं सगळ्यांची धाबी भरेपर्यंत पाळी सोडायची नाही. सोडली तर पुढच्या साली तिच्या दारात कुणी फिरकत नाही, आणि वर्षभर पाणवठ्यावर ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. घाटा ढवळायचं काम सगळ्यात जड. चुलीची धग, वरून पिठाचा चिकट गोळा, आणि लाकडी चाटू थांबला की गुठळ्या. ते काम आमच्या गल्लीत मायचं. "तुनाच हात पाहिजे," असं सगळ्या म्हणायच्या, आणि माय त्यावर फुशारून जायची.

मी गेले त्याच दिवशी मायनं जाहीर केलं, "मनी रेखा डॉक्टरीन व्हई गई." नर्स आणि डॉक्टरमधला फरक सांगायचा मी प्रयत्न केला, पण तोवर ओसरीवर रांग लागली होती. कुणाला नळी छातीला लावून हवी, कुणाला गुडघ्याला. शेजारच्या अक्कांनी तर ती स्वतःच कानात घातली आणि म्हणाल्या, "कोंबडं बोलस यामा!" गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा, म्हणून सगळ्यांनी ते कोंबडं मान्य केलं. माय एकेकीला ओढून माझ्यापुढे बसवत होती. हिचं बघ, तिचं बघ. सगळ्यांचं झालं तेव्हा मी म्हटलं, "आता तू बैस." ती म्हणाली, "मनं काय बघस, मी तर घरनीच शे," आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली.

पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. मग माझ्या डोळ्यांनी त्यांचं काम सुरू केलं. धाब्यावर चढताना माय जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की पायातला काटा काढल्यासारखं करायची. चप्पल काढली की पट्ट्याची खूण पावलावर बराच वेळ राहायची. रात्री ती पाठीशी गोधडीची वळकटी घेऊन टेकून झोपायची. विचारलं तर म्हणायची, "पाठ भरी येस." मी अंथरुणात पडून तिचा श्वास ऐकायचे. होस्टेलच्या खोलीतल्या त्या मुलीसारखा मलाच हा रोग दिसतोय, शेवभाजी खाल्ली की जाईल, असं स्वतःला समजवायचे. पण डोळ्यांसमोर ती घट्ट कोपऱ्यांची चादर यायची.

एका दुपारी दारं लोटून सगळे पडले होते. कूलरचं पाणी संपलं होतं आणि तो नुसताच खडखडत होता. माय भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, हात मांडीवर उलटा पडलेला. मी सरकत सरकत जवळ गेले आणि तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. एक, दोन, मग काहीच नाही. मग घाईघाईनं तीन-चार. पुन्हा काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत मला जे वाटलं ते मला सांगता येत नाही. जिन्यावर अंधारात एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं काहीतरी. डोळे न उघडताच माय म्हणाली, "जित्ती शे ना मी?"

मी हात काढून घेतला. तिनं पदर सारखा केला. मी म्हटलं, "माय, तुझ्या छातीत काहीतरी आहे. आपण धुळ्याला जाऊ. उद्याच." ती म्हणाली, "सकाय अक्काना बिबडा शेतस. मंग धाकली काकूना. घाटा कोन घोटी? पाळी व्हई जाऊ दे."

"पाळी होईपर्यंत काही झालं तर?"

"उन्हायामा सगळासले दम लागस, रेखा. तू पुस्तकं वाचीसन भ्यायनी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "लहानपने मना सांधा धरात, तवा बी मनी माय असीच रडे."

हे तिनं माझी समजूत घालायला सांगितलं होतं. मला मॅडमनी सांगितलेला तो सांधे धरणारा ताप आठवला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर नातेवाइकांना ताटकळत ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, म्हणून तुम्हालाही ठेवत नाही. माय त्यातून वाचली. मुंबईला तिची झडप फुगा घालून रुंद केली. ती रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेते, साधं खरचटलं तरी आम्ही सगळे धावतो, आणि फोनवर तिचा आवाज जरा खोल गेला की माझा दिवस हातातून जातो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती आता घरातलीच झाली आहे. पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढची पहाट तेवढी ठाऊक होती. अक्कांच्या अंगणात चूल पेटणार होती आणि माय त्या चुलीपुढे चाटू घेऊन उभी राहणार होती.

मी आबांना उठवलं. आबा म्हणजे माझे वडील. फारसं न बोलणारे, शेतातून आले की हातपाय धुऊन ओट्यावर बसणारे. गावात त्यांना एका गोष्टीसाठी बोलावणं यायचं. भावाभावांत वाटणी झाली, कडब्याच्या पेंढ्या मोजायच्या आहेत आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही, की आबांना न्यायचे. आबा जे सांगतील ते दोन्ही बाजू मुकाट ऐकायच्या. सख्ख्या चुलत्याच्या वाटणीतही त्यांनी एक पेंढी इकडची तिकडे केली नव्हती, आणि चुलता त्यावरून किती दिवस बोलत नव्हता.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मले काय समजस त्यामा?" मी म्हटलं, "समजायचं नाही, मोजायचं. मी छातीवर ऐकते, तुम्ही मनगट धरा. आकडे जुळले तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही जुळले तर उद्या धुळ्याला जायचं." मायला हे पटलं. फार लवकर पटलं. आबांच्या मोजण्यावर तिचाही भरवसा होता, आणि आपलं काही निघणार नाही असं तिला बहुतेक अजून वाटत होतं. किंवा वाटून घ्यायचं होतं.

पण आबा हात पुढे करीनात. आमच्या घरात मी त्यांना मायच्या शेजारी बसलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं. लग्नकार्याच्या फोटोतही दोघांच्या मध्ये कुणीतरी असायचंच. मीच त्यांचा हात ओढून मायच्या मनगटावर ठेवला आणि तीन बोटं जागेवर बसवली. अंगठा बाजूला केला. मायनं पदर तोंडापर्यंत ओढून मान फिरवली. आबा भिंतीकडे बघायला लागले. तेही बरंच झालं, घड्याळ तिथेच होतं.

"काटा वर आला की सुरू," मी म्हटलं आणि कानात नळी घातली.

मी शिकाऊ होते, पण मला तो आवाज ओळखीचा होता. धावणं, अडखळणं, पुन्हा धावणं. थांबलो. मी माझा आकडा सांगितला. आबांनी त्यांचा सांगितला. त्यांचा बराच कमी होता.

"मनी चूक व्हयनी व्हई," आबा म्हणाले. "मना हात राठ शेतस. बोटंसले समजत नही."

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. आबांनी बोटं धोतराला पुसली, जणू त्यांच्यावर काही लागलं होतं. "बोट सरकनं मनं," ते पुटपुटले. मला एकदम वॉर्डातली मी आठवले. पण मॅडम म्हणाल्या होत्या तसं, कुणाचंच चुकलं नाही, हे त्यांना सांगायचं सोडून मी नळी पुसत बसले. माय पदराआडून आम्हा दोघांकडे बघत होती.

"आखो एक डाव," आबाच म्हणाले. अजून एकदा.

तिसऱ्यांदा मोजलं. काटा फिरला. थांबलो. मी काही बोलायच्या आत आबांनी विचारलं, "तुना कितला व्हयना?"

मी आकडा सांगितला. तो माझ्या आधीच्या दोन्ही आकड्यांपेक्षा वेगळा होता. तसल्या हृदयाचे दोन वेळचे आकडे कधी सारखे येतच नाहीत.

"मना बी तितलाच," आबा म्हणाले. भिंतीकडे बघत.

कूलर तेवढा खडखडत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हे खोटं आहे, आणि त्याच वेळी वाटलं की हेच खरं असू दे, याच आकड्यावर सगळं मिटू दे, मी नर्स न होता बिबडे थापत बसेन. मायनं पदर खाली घेतला. तिनं आबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नसेल.

"तुम्ही आजलोंग कधी खोटं बोलनात नही," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "आज बोलनात. म्हनजे मनं काही खरं नही."

आबांची मान खाली गेली.

मग माय माझ्याकडे वळली. "जा. अक्काले सांगी ये, सकाय मी घाटा घोटाले येत नही. पाळी मोडनी म्हन, काय म्हनतीन ते म्हनू दे. आनि धुयानी गाडी कोनती शे ते बी इचारी ये."

मी उठले. चपला पायात घातल्या. दारातून मागे वळून पाहिलं. मोजणं केव्हाच संपलं होतं, आणि आबांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं.